मेष्ट्रुंचा कणा

नंजुंडय्या मान वळवत नसत. मागून कुणी हाक मारली की ते टाचांपासून अख्खे वळायचे, एखादं जड दार वळावं तसे. म्हैसुरातल्या त्या इमारतीत खालच्या मजल्यावर पिठाची गिरणी चालवणारा चिक्कण्णा त्यांची टिंगल करायचा. "मेष्ट्रु, तुमचं म्हणजे दसऱ्यातल्या हत्तीसारखं झालंय. मागचं बघायचं तर अख्खा रस्ता थांबवणार."

मेष्ट्रु, म्हणजे मास्तर, हसायचे. वरच्या हॉलमध्ये त्यांच्या योगाच्या वर्गाला चटया अंथरणाऱ्या बायकाही हसायच्या. छप्पन्न वर्षांचा माणूस, ताठ कण्याचा, पोट आत, चालणं हलकं. मान वळत नाही हा त्याचा रुबाबच आहे, असं सगळ्यांना वाटायचं. दाक्षायणीलाही सात वर्षं तसंच वाटत होतं.

ती त्यांच्याकडे आली तेव्हा सतराची होती. उंच पोर. उंची लपवायला खांदे पाडून, पोक काढून चालायची. बारावीला नापास झाली होती आणि घराबाहेर पडायचं तिने बंद केलं होतं. आईने दंडाला धरून जिना चढवला. "मेष्ट्रु, हिची पाठ सरळ करा. डोकं सरळ करणं माझ्याच्याने झालं नाही."

पहिल्या दिवशी पुढे वाकताना तिचे हात गुडघ्यांच्या खाली जाईनात. शेजारची वसुमती, बँकेत कॅशियर असलेली चाळिशीची बाई, पायांचे अंगठे धरून निवांत बसली होती. दाक्षायणीने दातओठ खाऊन स्वतःला ओढायला सुरुवात केली.

"गुडघे वाकव," मेष्ट्रु म्हणाले.

"मग काय उपयोग?"

"उपयोगाचं उद्या बघू. आज गुडघे वाकव. जमीन काय पळून जात नाही."

त्यांचं शिकवणं एवढंच होतं. अडलं तिथे थांबायचं, पाच श्वास तिथेच घ्यायचे. पाचव्याला बहुतेक वेळा शरीर थोडं सरकतं. नाही सरकलं तर उद्या. आठ महिन्यांनी तिचे अंगठे तिच्या हातात आले. त्याच्याही आधी तिला दुसरी एक गोष्ट जाणवली होती. आईचं बोलणं लागलं की ती खोलीत जाऊन दार आपटायची. आता दाराशी पोचेपर्यंत पाच श्वास होऊन जात, आणि पाच श्वासांनंतर दार आपटण्यात काही मजा राहत नसे. ती परत परीक्षेला बसली. पास झाली. प्राथमिक शाळेत नोकरी लागली. ठरलेलं लग्न मुलाकडच्यांनी मोडलं, त्याच्या दुसऱ्या दिवशीही ती साडेपाचला चटईवर होती. रडत होती, पण श्वास चुकवत नव्हती. मेष्ट्रु जवळ आले नाहीत. नंतर म्हणाले, "आज तुझी पाठ चांगली होती."

सगळ्यात जास्त वेळ लागला तो मागे जायला. आसनांच्या क्रमाच्या शेवटी उभं राहून, हात छातीशी जोडून, कमान घेत मागे जायचं आणि तळवे जमिनीला लावायचे. जमीन दिसत नाही. मध्ये एक क्षण असा येतो की माणूस उभा नसतो आणि पोचलेलाही नसतो. दाक्षायणी त्या क्षणाला घाबरायची. दोन वर्षं मेष्ट्रु रोज तिच्या बाजूला उभे राहिले. त्यांचा हात तिच्या कमरेच्या मागे असायचा. लागायचा नाही. असायचा.

"पडायला घाबरतेस," त्यांनी एकदा विचारलं, "का पडताना लोक बघतील याला?"

तिला उत्तर द्यायला चार दिवस लागले. "लोक बघतील याला."

"मग डोळे उघडे ठेव. तूही त्यांना बघ."

त्या आठवड्यात ती पहिल्यांदा एकटी मागे गेली.

इकडे मेष्ट्रुंच्या घरात रोज पहाटे काय चालायचं, हे तिला फार उशिरा कळलं. त्यांना उठताच येत नसे. बायको, गिरिजम्मा, खांद्याखाली हात घालून त्यांना कुशीवर वळवायची, ओंडका वळवावा तसं. मग ते गुडघ्यांवर, मग भिंतीला धरून. गरम पाण्याची बादली. तासभर हळूहळू हालचाली. पाचला ते स्वतःची बटणं लावू शकत. साडेपाचला वर्गात त्यांच्याकडे बघून कुणाला हे खरं वाटलं नसतं.

हे एकविसाव्या वर्षापासून होतं. तेव्हा ते रेशमाच्या कारखान्यात मागावर उभे असत. कंबर धरायची. गोळ्या झाल्या, लेप झाले. शेवटी मागावरचा एक जोडीदार त्यांना एका म्हाताऱ्या आचार्यांकडे घेऊन गेला. आचार्य म्हणाले, "कडकपणा म्हणजे आळस. शरीराला सवलत दिलीस तर ते डोक्यावर बसेल." वर्षभरात पोरगा धुतल्या कापडासारखा मोकळा झाला. त्याने कारखाना सोडला आणि आचार्यांचं ते वाक्य मात्र कायम धरून ठेवलं. सकाळी अंग लाकूड झालं की त्याला वाटायचं, काल आपण कुठेतरी कमी पडलो. मग तो सराव पाव तासाने वाढवायचा. पस्तीस वर्षं नंजुंडय्यांनी एका आजाराला आळस समजून स्वतःला शिक्षा केली. आणि शिक्षेने आजार त्या दिवसापुरता हटायचाही. त्यामुळे शंका यायला जागाच राहिली नाही.

श्रावणात त्यांचा उजवा डोळा लाल झाला. उजेड सहन होईना. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून पाहिलं आणि विचारलं, "सकाळी पाठ आखडते का?"

"डोळ्याचा आणि पाठीचा काय संबंध?"

"आखडते का ते सांगा."

तिथून त्यांना हाडांच्या डॉक्टरकडे पाठवलं. तरुण मुलगा होता. त्याने एक्स-रे उजेडावर लावला आणि मणक्यांवरून बोट वर नेत पाहिला.

"सर, तुम्ही काय काम करता?"

"योग शिकवतो."

मुलाने एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. "तुमचे मणके एकमेकांना चिकटलेत. खालपासून मानेपर्यंत. मधे हाड भरलंय. हा कणा आता एकच हाड आहे, बांबूसारखं."

"पण मी वाकतो."

"तुम्ही खुब्यातून वाकता. खांद्यातून वाकता. पाठ कधीच वाकायची थांबलीय, तुम्हाला कळलं नाही." मग तो जरा मऊ आवाजात म्हणाला, "खरं सांगू? तुम्ही एवढा सराव केला म्हणून असे सरळ उभे आहात. नाहीतर चाळिशीतच जमिनीकडे बघत चालला असता. यातलं बरंचसं पुढेही करा. पण मागची कमान नाही, शीर्षासन नाही, आणि कुणाचंही वजन अंगावर घ्यायचं नाही. हे हाड ठिसूळ असतं. छोट्याशा हिसक्याने मोडतं. मान मोडली तर मग काही खरं नाही."

घरी येऊन ते जेवले नाहीत. नाचणीचा उंडा आणि सार ताटात थंड झालं.

"मी आळशी नव्हतो," ते म्हणाले.

"हे मी तीस वर्षं सांगतेय," गिरिजम्मा म्हणाली. "पण त्याला एक्स-रे लागला."

"दसऱ्याचं काय?"

खरा प्रश्न तोच होता. आयुधपूजेच्या दिवशी म्हैसुरात जो तो आपापलं हत्यार पुजतो. खाली चिक्कण्णा जात्याच्या पट्ट्याला झेंडूचे हार घालायचा. वरच्या हॉलमध्ये पुजायला हत्यार नव्हतं. म्हणून आचार्यांपासून रीत पडली होती की त्या दिवशी शिकवणाऱ्याने सगळा क्रम स्वतः करून दाखवायचा, पहिल्या नमस्कारापासून शेवटच्या कमानीपर्यंत, सगळ्यांच्या देखत. शरीर हेच हत्यार. अठ्ठावीस वर्षांत मेष्ट्रुंनी एकदाही चुकवलं नव्हतं. जो करून दाखवू शकत नाही त्याने शिकवू नये, असं ते स्वतःच म्हणत आले होते.

पाच आठवडे उरले होते. पहिले तीन ते कुणाशी धड बोलले नाहीत. गिरिजम्मा सकाळी देवळात गेली की ते दार लावून कमान घेऊन बघत. एकदा ती पळीपंचपात्र विसरली म्हणून परत आली आणि खिडकीतून तिने ते पाहिलं. तिने आरडाओरडा केला नाही. चपला घातलेल्या पायांनीच आत आली आणि जमिनीवर बसली.

"बायकांना रोज सांगता, मन वाकवा. सासूपुढे वाकवा, साहेबापुढे वाकवा, नशिबापुढे वाकवा. तुमचं मन कोण वाकवणार? मी?"

ते जमिनीवरून उठले. उठायला त्यांना बराच वेळ लागला. दोघांनीही तो वेळ जाऊ दिला.

दुसऱ्या दिवशी मेष्ट्रु वर्गात आले ते चिक्कण्णाकडची प्लास्टिकची खुर्ची घेऊन. खुर्ची मध्ये ठेवून ते तिच्यावर बसले. हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. त्यांनी सगळं सांगितलं. हाड, डोळा, पहाट, सगळं. एक शब्द लपवला नाही.

"यापुढे मी कुणाला हात लावणार नाही. हात वसुमती देईल. आणि या वर्षी आयुधपूजेला क्रम दाक्षायणी करेल."

"मी?" दाक्षायणी म्हणाली. "मेष्ट्रु, मी नाही."

"का? उंच आहेस, मागच्या रांगेलाही दिसशील."

कुणालाही हसू आलं नाही, म्हणून तेच हसले. त्या दिवशी तास संपल्यावर दाक्षायणीने पाहिलं, ते खुर्चीतून उठले नव्हते. दोन्ही तळवे मांड्यांवर उपडे ठेवून ते रिकाम्या चटयांकडे बघत होते. तिला वाटलं, आपण एका माणसाला काहीतरी फार अवघड करताना पाहिलं. तिला त्यांचा अभिमान वाटला. नंतर त्या अभिमानाचीही तिला लाज वाटली.

आयुधपूजेला हॉल भरला होता. आचार्यांच्या फोटोला हार, कोपऱ्यांत केळीचे खुंट. मेष्ट्रु तिच्या शेजारी खुर्चीत बसून आकडे म्हणत होते आणि दाक्षायणी त्या आकड्यांवर चालली होती. सव्वा तास झाला. कुठे अडलं नाही. शेवटची कमान आली. तीनदा एकटीने मागे जायचं, चौथ्यांदा वसुमती कमरेला हात देणार. वसुमती भिंतीशी आपल्या पाळीची वाट बघत उभी होती.

एकदा गेली. आली. दुसऱ्यांदा गेली. आली.

तिसऱ्यांदा ती मागे निघाली आणि त्याच वेळी खाली चिक्कण्णाने पूजेनंतर दृष्ट काढायला दारात कोहळा फोडला. धप्प आवाज झाला. जमीन हादरल्यासारखी वाटली. दाक्षायणीचा श्वास अडकला. एवढंच. त्या अडकण्याचा आवाजही झाला नव्हता. वसुमतीला कळलं नाही, समोरच्या चाळीस माणसांना कळलं नाही. मेष्ट्रुंना कळलं.

तिला नंतर एवढंच आठवायचं, कमरेच्या मागे हात आला. या वेळी तो लागला. तिचं सगळं वजन त्या हातावर गेलं. मग कानाजवळ एक आवाज झाला, फळ्यावर खडू मोडतो तेवढाच. ती त्यांच्या दंडावरून घसरून चटईवर पडली. कोपराला खरचटलं. दुसरं काही झालं नाही.

मेष्ट्रु तिच्या शेजारी आडवे होते. डोळे उघडे होते. ते अगदी शांतपणे म्हणाले, "गिरिजा, माझे पाय कुठे आहेत?"

मानेचा पाचवा मणका. दवाखान्यात अडीच महिने गेले. घरी आले तेव्हा ते बोलू शकत, गिळू शकत आणि उजवा अंगठा थोडा हलवू शकत. वरचा हॉल बंद झाला. तिथे शिकवणीचे वर्ग सुरू झाले.

दाक्षायणी त्यांना भेटायला गेली नाही. शाळेत जायची, घरी यायची, भिंतीकडे तोंड करून पडायची. खांदे परत पडले. आई आता काही बोलत नव्हती, ते जास्त वाईट होतं. शेवटी एके दिवशी गिरिजम्मा दारात उभी राहिली.

"येतेस का ओढत नेऊ?"

"कुठल्या तोंडाने येऊ, अक्का?"

"आहे त्याच. दुसरं कुठून आणणार?"

मेष्ट्रु पाठीवर, छताकडे बघत होते. ती त्यांच्या नजरेच्या टप्प्यात येऊन उभी राहिली.

"पोक काढलंयस," ते म्हणाले.

ती तिथेच खाली बसली आणि रडली. त्यांनी तिला रडू दिलं.

"तुम्ही धरलं नसतं तर मी पडले असते," ती म्हणाली. "खांद्यावर. सूज आली असती, बस."

"हो."

"मग का धरलं?"

"मी धरलं नाही. डॉक्टरने मला सांगितलं, मी तुला सांगितलं, वसुमतीला सांगितलं. हातांना सांगायचं राहिलं." मग ते म्हणाले, "आता ऐकतात. आता काही सांगितलं तरी हलत नाहीत."

ती रोज शाळा सुटल्यावर जाऊ लागली. ते नेहमी शहाण्यासारखे वागले असं नाही. कधी गिरिजम्माला शिव्या द्यायचे. एकदा दोन दिवस तोंड मिटून पडले, चमचा लावू दिला नाही. एकदा म्हणाले, "मी तुम्हाला सगळ्यांना फसवलं. जे शिकवलं ते मला येत नव्हतं."

"आलं होतं. तुम्ही खुर्चीत बसलात."

"सव्वा तास."

"दोन आठवडे आणि सव्वा तास."

त्या संध्याकाळी त्यांनी चमचा घेतला.

जानेवारीत त्यांनी तिला काम सांगितलं. "माझे पाय मोकळे ठेव. खुबे, गुडघे, घोटे. रोज. ओढायचं नाही, तुला माहीतच आहे."

"त्याने हालचाल येईल?"

"वेडी आहेस का. हालचाल नाही येणार." मग ते सरळ बोलले. "आपल्यात मेलेल्या माणसाला मांडी घालून, बसवून पुरतात. पाय कडक झाले असले तर लोक गुडघ्यांवर जोर देऊन वाकवतात. माझ्या बापाच्या वेळी मी दाराबाहेर होतो. मोडल्याचा आवाज ऐकला. मला तसं नको."

दाक्षायणीने आपल्या हातांकडे पाहिलं. आयुधपूजेपासून तिने कुणाच्या शरीराला हात लावून काही केलं नव्हतं. स्वतःच्याही नाही.

"मला नाही जमणार."

"पाच श्वास थांब. मग जमतं का बघ."

ती थांबली. त्यांचा उजवा पाय तिने दोन्ही हातांत घेतला. तो जड होता आणि त्याला तिचा हात कळत नव्हता. सुरुवातीला पाय झटके द्यायचे, आपोआप ताठ व्हायचे. ते डोळे मिटून सांगायचे, "सोडू नकोस. नुसती थांब. आता सैल होईल." ज्या पायातलं त्यांना काहीच जाणवत नव्हतं, त्याबद्दल ते नेमकं बरोबर सांगायचे. मग सैल व्हायचा. गुडघा बाहेर, घोटा मांडीवर. दुसरा त्याच्यावर. त्या महिन्यांतच त्यांनी तिला मागाचं, आचार्यांचं, पहाटेचं सगळं सांगितलं. ती पाय फिरवायची आणि ऐकायची. फेब्रुवारीच्या शेवटी त्यांचे पाय पाळण्यातल्या पोरासारखे दुमडू लागले.

मार्चमध्ये छातीत कफ झाला. खोकायला ताकद नव्हती. एका रविवारी सकाळी दहाला ते गेले.

गावाकडून चुलतभाऊ आले, विधी करायला जंगम आले. चुलतभाऊ बाह्या सरसावत म्हणाला, "चला, लवकर बसवू या. पाच-सहा महिने पडलेला माणूस, लाकूड झाला असणार. दोघं जण गुडघे धरा."

"कुणी हात लावायचा नाही," गिरिजम्मा म्हणाली. "दाक्षायणी लावेल."

"बाईमाणूस?"

"ती त्यांची विद्यार्थिनी आहे. बाजूला व्हा."

दाक्षायणीने उजवा घोटा उचलला, डाव्या मांडीवर ठेवला. मग डावा, उजव्यावर. काहीच अडलं नाही. खोलीत इतकी शांतता होती की कापडाचा आवाज ऐकू आला. मग चौघांनी त्यांना धरून भिंतीशी उचलून ठेवलं. देह कलंडू नये म्हणून छातीभोवती कापड गुंडाळून ते भिंतीच्या खुंटीला बांधतात. जंगमांनी कापड उलगडलं, आणि मग हात थांबवून बघत राहिले. पाठीला आधाराची गरज नव्हती. कमरेपासून डोक्यापर्यंत एक सरळ रेघ. चुलतभावाने घाबरत घाबरत हात काढला. देह हलला नाही.

"असा बसलेला मी कधी पाहिला नाही," जंगम म्हणाले. "काय साधना असेल."

तो आजार होता, हे दाक्षायणीला सांगायचं होतं. गिरिजम्माने तिच्याकडे पाहिलं आणि ती गप्प राहिली.

जंगमांनी कापडाची घडी घातली आणि कपाळाला विभूती लावायला घेतली. बाहेर खुर्ची तयार होती, फुलांनी सजवलेली. माणसं उचलायला पुढे आली. दाक्षायणी अजून गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती.

"सोड, बाळ," गिरिजम्मा म्हणाली.

"पाय निसटतील."

"नाही निसटत. उठ."